मंजूर प्रतीबाहेरचं बोलणं

मी एक नाटक लिहिलं आहे आणि ते चांगलं आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. पिंपळगाव राजात कुणालाही विचारा, तो सांगेल की मास्तरांच्या नाटकाचा शेवट फार उत्तम होता. नेमका तो शेवट मी लिहिलेला नव्हता. त्याच्या आधीची चौदा पानं माझी आहेत, पण त्यांच्याबद्दल कोणी काही विचारत नाही.

सुरुवात अकोल्याला झाली. बासष्ट सालच्या गणपतीत आम्हा प्राथमिक शिक्षकांचं तीन दिवसांचं शिबिर होतं आणि नाट्यलेखनावर बोलायला पुण्याहून एक प्राध्यापक आले होते. ते म्हणाले, नाटक म्हणजे संघर्ष. दोन माणसं समोरासमोर उभी करा, दोघांना एकच वस्तू हवी असू द्या आणि मग त्यांना बोलू द्या. दोघं असले की संवाद, एकटा असला की स्वगत. बाकीचे शिक्षक शिबिरातलं वरण पातळ असल्याची चर्चा करत होते. मी मात्र हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. इतकं सोपं असेल तर आजवर कोणी सांगितलं कसं नाही, असंच मला वाटलं.

घरी येऊन मी शारदेला म्हणालो की सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात माझं नाटक होईल आणि त्यात कडाक्याचं भांडण असेल. ती निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून माझ्याकडे पाहू लागली. भांडण आणि तुम्ही लिहिणार, एवढंच तिने विचारलं. तिच्या शंकेत तथ्य होतं हे मी मान्य करतो. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, पण आमच्या घरी संवाद असा कधी झाला नाही. स्वगत होतं आणि ते तिचं असतं. मी त्या वेळी वर्तमानपत्राच्या मागे असतो. परंतु लेखकाला सगळं अनुभवावंच लागतं असं नाही, असं मी तिला समजावलं आणि दौतीत शाई भरली.

दिवाळीपर्यंत नाटक लिहून झालं. नाव ‘धुऱ्यावरची बाभूळ’. दोन शेतांमधला बांध, ज्याला आमच्याकडे धुरा म्हणतात, त्यावर एक बाभूळ आणि तिच्यावरून भांडणारे दोन सख्खे भाऊ. शेवटी समेट. मधल्या चार पानांत नुसते दोघांचे सवाल-जवाब होते आणि ते लिहिताना मला दोनदा उठून उभं राहावं लागलं होतं. शारदेने ती वाचली आणि त्या दोघांना मधे पाणी तरी प्यायला द्या, एवढी सूचना केली.

सूचनांना तोटा नव्हताच. समोरच्या घरातून वाघ घालायचा सल्ला आला. देवळाच्या पारावर असं ठरलं की एक भजन असल्याशिवाय बाया बसणार नाहीत. आमचे शेजारी भगवानराव हे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचं म्हणणं पडलं की तार आल्याशिवाय माणूस जागचा हलत नाही, तेव्हा नाटकात एक तार हवीच. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि काहीही बदललं नाही. फक्त तार घातली, कारण भगवानरावांनी त्या अटीवर प्रॉम्प्टर व्हायचं कबूल केलं होतं. तारेत ‘सर्व कुशल’ एवढाच मजकूर होता, त्यामुळे कथानकाला धक्का लागला नाही.

आता पात्रं. थोरल्या भावासाठी मला आवाज हवा होता. तो हिंमतरावांकडे होता, शिवाय रंगमंचाला लागणाऱ्या फळ्या आणि ताडपत्रीही त्यांच्याकडेच होती. धाकट्या भावासाठी जानराव. त्यांच्याकडे मिशा होत्या आणि भजनी मंडळाचा पडदा. मी दोघांना दोन वेगळ्या दिवशी भेटलो. दोघांनी आढेवेढे न घेता होकार दिला आणि मी खूश होऊन घरी आलो. ज्या गावात आपण सहा वर्षं राहतो, तिथली एक मोठी बातमी पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्या माणसाला ठाऊक नसते ती अशी.

बातमी अशी की हे दोघे साळा-भाऊजी होते आणि सात वर्षं एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. जानरावांची थोरली बहीण मनकर्णाबाई गावातच हिंमतरावांना दिलेली. सात वर्षांपूर्वीच्या पोळ्याला तोरणाखालून कोणाची बैलजोडी आधी काढायची यावरून दोघांचं सगळ्या गावासमोर वाजलं आणि अबोला धरला गेला. आमच्या भागात अबोला साधासुधा नसतो. त्याचे नियम असतात. समोरच्याचं नाव घ्यायचं नाही, त्याला उद्देशून काही बोलायचं नाही आणि निरोप द्यायचाच झाला तर तिसऱ्याला मधे घालायचं. दोघंही हे नियम मोठ्या काटेकोरपणे पाळत होते.

हे मला मनकर्णाबाईंनीच सांगितलं. एका दुपारी त्या आमच्या घरी आल्या, शारदेजवळ बसल्या आणि मग मला हाक मारली.

“मास्तर, माघात माह्या कोकिळाचं लगन हाय. मामाले आवतन द्याले बापानं सोता जा लागते, तोंडानं बोला लागते. चिठ्ठीनं मामा येत नाई, अन् मामा पाठीशी नसन तं पोरगी मांडवात एकटी दिसते. तुमच्या नाटकात का होईना, या दोघाईले बोलू द्या. एकडाव तोंड उघडलं की मंग पाहू.”

मी त्यांना सांगितलं की काळजी करू नका. सातव्या पानापासून दोघांचं समोरासमोर चार पानं बोलणं आहे आणि चौदाव्या पानावर थोरला धाकट्याला ‘ये भाऊ, पोटाशी ये’ असं म्हणतो. ते वाक्य ऐकून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. नाटकाची परिणामकारकता मला तेव्हाच पटली.

पहिल्या तालमीला दोघं आले, एकाने पूर्वेकडे तोंड केलं आणि दुसऱ्याने पश्चिमेकडे. मी टाळी वाजवून सुरुवात केली. हिंमतरावांनी घसा साफ केला आणि ते माझ्याकडे पाहत म्हणाले, “मास्तर, त्या माणसाले सांगा, बाभूळ माह्या आज्यानं लावली.” जानराव फळ्यावरच्या पाढ्यांकडे पाहत म्हणाले की मास्तर, तिकडं कळवा, तलाठ्याच्या वहीत काय लिहून हाय ते. मी समजावलं की इथे तुम्ही तुम्ही नाही आहात, नाटकातले भाऊ आहात.

“नाटकात बोललो तरी तोंड तं माह्यंच हाय ना?” हिंमतराव म्हणाले.

पुण्याच्या प्राध्यापकांनी यावर काही सांगितलेलं नव्हतं. मग मी एकेकाला बाजूला घेऊन नाटकातून मोकळं करायची तयारी दाखवली. पण जो आधी सोडील तो हरला असं होणार होतं, त्यामुळे दोघंही हटेनात. शिवाय हिंमतराव गेले तर फळ्या जाणार होत्या आणि जानराव गेले तर पडदा. मी आठ दिवस विचार केला, नीट जेवलो नाही आणि शेवटी नाटकात तिसरं पात्र घातलं.

तिसरं पात्र म्हणजे गणू सालदार, सालाने ठेवलेला शेतगडी. त्याने मधोमध पाटावर बसायचं आणि दोघांनी त्याला सांगायचं. गणूचं काम आमच्या शाळेचे शिपाई उकंडराव यांना दिलं. बावीस वर्षं नोकरी, एक दिवस रजा नाही, स्वभावाने शांत. त्यांना मान डोलावण्याखेरीज काही करायचं नव्हतं. माझे चार पानांचे सवाल-जवाब ‘गणू, त्याले सांग’ आणि ‘गणू, तिकडं इचार’ असे नव्याने लिहिले गेले. जिथे गणूलाही मधे घालणं अवघड होतं तिथे मी स्वगतं घातली. अशी अकरा झाली. समेटाच्या वाक्यावर हिंमतराव दोन दिवस अडून बसले. अखेर ते बाभळीला उद्देशून म्हणायचं त्यांनी कबूल केलं. म्हणजे चौदाव्या पानावर थोरला भाऊ बाभळीला पोटाशी धरणार होता. मी तेही लिहिलं.

मनकर्णाबाईंना हे सांगायला मीच गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला पाणी दिलं. आत कोकिळा शिवणयंत्रावर बसली होती, तिने यंत्र थांबवलं. घरी परत येताना मला स्वतःची फार लाज वाटली. पण लेखक म्हणून मी डळमळलो नाही. अकरा स्वगतांचं नाटक खामगाव तालुक्यात तरी आजवर कोणी लिहिलेलं नव्हतं.

राहता राहिली परवानगी. तालुक्याच्या एका कचेरीत तीन प्रती द्यायच्या होत्या. कार्बन लावून मी त्या स्वतःच्या हाताने काढल्या. तोवर चीनची लढाई होऊन गेली होती आणि कचेऱ्यांना सगळीकडे शत्रू दिसत होते. तिथल्या भाऊसाहेबांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला आणि दार लोटून घेतलं. त्यांनी हळू आवाजात विचारलं की धुरा म्हणजे हद्दच ना? मी हो म्हणालो. म्हणजे हद्दीवरून भांडण, आणि भांडणारे भाऊ-भाऊ. तुम्हाला नेमकं काय सुचवायचं आहे, मास्तर?

मला बाभळीखेरीज काहीही सुचवायचं नव्हतं. हे पटवायला मला चार खेपा पडल्या. पहिल्या खेपेला बाभूळ याच तालुक्यातली असल्याचा तलाठ्याचा दाखला मागितला गेला. मी म्हणालो की बाभूळ काल्पनिक आहे. तर भाऊसाहेब म्हणाले, मग ती काल्पनिक असल्याचा दाखला आणा. तलाठ्याने तो दिला, पण बाभळीखाली गट नंबर हवा म्हणून त्याने स्वतःच्या वावराचा नंबर घातला. तिसऱ्या खेपेला तारेतल्या ‘सर्व कुशल’ या शब्दांवर लाल रेघ आली, कारण ते सांकेतिक वाटत होते. चौथ्या खेपेला प्रत्येक पानावर शिक्का बसला आणि खाली अटी आल्या. प्रयोग दिवसाउजेडी करावा. मंजूर प्रतीबाहेरचा एक शब्दही रंगमंचावर उच्चारू नये. उच्चारल्यास उच्चारणाऱ्यावर कारवाई होईल. खात्री करण्यासाठी एक हवालदार प्रत घेऊन हजर राहील.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन झालं आणि दुपारी चार वाजता पडदा उघडला. भर उन्हात नाटक पाहायची सवय नसल्यामुळे लोकांनी डोळ्यांवर हात धरले होते. पुढे पोरांच्या तीन रांगा, मागे बाया, कडेला गडीमाणसं आणि पहिल्या खुर्चीवर हवालदार माणिकराव. त्यांच्या मांडीवर मंजूर प्रत होती आणि ते प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत होते. मी पडद्याच्या आडोशाला उभा होतो आणि माझा आत्मविश्वास पूर्ण होता. बाभूळ म्हणून आणलेली फांदी खरीच असल्यामुळे काटे होते एवढंच. हिंमतरावांनी दुसऱ्या स्वगतात तिला टेकायचा प्रयत्न केला आणि नंतरची सगळी स्वगतं ते सरळ उभे राहून बोलले. तार घेऊन येणाऱ्याने ती उघडली आणि मंजुरी नसल्यामुळे काहीही न वाचता परत गेला. लोकांना ते रहस्य वाटलं.

सातवं पान आलं. हिंमतराव गणूला सांगत होते, जानराव गणूला विचारत होते, उकंडराव मान डोलावत होते. रंगमंचावरून खिडकीतून हेडमास्तरांच्या खोलीतलं घड्याळ दिसतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाच वाजले. उकंडराव पाटावरून उठले, रंगमंचाच्या पायऱ्या उतरले, लिंबाखाली गेले आणि त्यांनी शाळा सुटल्याची घंटा दिली. बावीस वर्षांत त्यांची पाचची घंटा चुकली नव्हती, ती सुट्टीच्या दिवशीही चुकली नाही. मग ते शिस्तीत एकेका वर्गाला कुलूप लावायला निघून गेले.

घंटा होताच पोरांच्या तिन्ही रांगा उठल्या आणि घरी पळाल्या. मोकळ्या जागेत बाया सरकून पुढे आल्या. त्यात मनकर्णाबाई आणि कोकिळा अगदी रंगमंचाखाली येऊन बसल्या.

वर दोघं उभे होते आणि मधे रिकामा पाट. भगवानराव विंगेतून सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असं सांगत होते, “गणू, त्याले इचार.” हिंमतरावांनी पाटाकडे पाहिलं. मग त्यांनी पाटालाच विचारलं की बाभूळ कोनं लावली. जानरावांनी पाटाला उत्तर दिलं. असं दोनदा झालं आणि तिसऱ्या वेळी बायांमध्ये कोणी तरी हसलं.

हिंमतरावांचं तोंड लाल झालं. त्यांनी पायाने पाट सरकवला आणि ते एकदम म्हणाले, “पाटासंगं काय बोलून राह्यला बे? इकडं पाह्य.”

जानरावांनी मान वळवली. सात वर्षांत त्यांनी त्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं नसावं. त्यांच्या तोंडून निघालं, “भाऊजी.”

“इथं ‘दादा’ लिहेल हाय,” हवालदार माणिकराव आपल्याशीच म्हणाले आणि बोट खालीवर फिरवू लागले.

पुढचं मी जसं ऐकलं तसं सांगतो. आधी पोळा निघाला. कोणाची जोडी, कोणी शब्द टाकला, कोणी वाढवला. माझ्या बाभळीचं नावही कोणी घेतलं नाही. मग जानरावांचा आवाज उतरला.

“पोळ्याचं मी कवाचंच सोडलं, भाऊजी. पन माय गेली तवा तुमी खांदा द्याले आले, अन् मले एक शब्द बोलले नाई. तीन साल झाले. मी तेच धरून बसलो हाय.”

“मी बोलाले आलो होतो तुह्याजवळ. तू तोंड फिरोलं.”

“मी रडून राह्यलो होतो. रडतानी मानूस तोंड दाखवते काय?”

हिंमतरावांनी फेटा काढून हातात घेतला. माणिकराव पानं उलटत होते. सात, आठ, अकरा, पुढे कुठे तरी असेल या आशेवर ते शेवटाकडे निघाले होते. भगवानरावांनी प्रॉम्प्ट करणं सोडून दिलं होतं आणि मी, नाटकाचा लेखक, पडद्याच्या दोरीला धरून उभा होतो. माझं एक वाक्यही तिथे चालू नव्हतं आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर थोडं वाटत होतं.

“कोकिळाचं लगन हाय माघात,” हिंमतराव म्हणाले. “पत्रिका छापून पेटीत पडल्या हायेत. तुले न इचारता मामा म्हून तुह्यं नाव टाकलं. आता वाटू का नको, थे तू सांग.”

जानरावांनी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी माणिकराव चौदाव्या पानाच्या तळाशी पोचले. त्यांना यातलं काहीही सापडलं नव्हतं. त्यांनी शिट्टी वाजवली. शिट्टीने दचकून माझ्या हातातली दोरी सुटली आणि पडदा पडला. पटांगणात टाळ्यांचा जो कडकडाट झाला तसा मी पुन्हा ऐकला नाही. लोक म्हणत होते की मास्तरांनी काय शेवट लिहिला. पण कोकिळा तिथेच बसून होती आणि पडद्याकडे पाहत होती, कारण मामाचं उत्तर आलेलं नव्हतं.

माणिकराव प्रत घेऊन आत आले. त्यांचेही डोळे ओले होते, पण कर्तव्य आधी. त्यांनी मला बाजूला घेतलं. हे बोलणं प्रतीत नाही, म्हणजे या दोघांची नावं मला लिहावी लागतील, लग्नघरी पोलीस जाईल, बरं दिसणार नाही. मग त्यांनी चौदाव्या पानाची पाठ उलटून दाखवली. ती कोरी होती, आणि घाईत का होईना, शिक्का तिच्यावरही बसला होता. “लिहून टाका, मास्तर,” ते म्हणाले. “तुमचंच नाटक हाय ना?”

मी रंगमंचाच्या कडेला बसलो, मांडीवर पान घेतलं आणि त्या दोघांना विचारलं की तुम्ही काय काय बोललात ते क्रमाने सांगा. हिंमतराव सांगू लागले आणि जानरावांनी पहिल्याच वाक्याला हरकत घेतली. मी ‘बे’ म्हणालोच नाही, असं हिंमतराव म्हणत होते. तुमी म्हनले, साऱ्या गावानं ऐकलं, असं जानराव म्हणत होते. ते एकमेकांच्या तोंडावर बोट नाचवून भांडत होते आणि मी कसाबसा लिहून घेत होतो. मनकर्णाबाई पायऱ्या चढून वर आल्या होत्या. कोकिळा त्यांच्यामागे उभी होती. पोळा झाला, माय झाली, पत्रिका झाल्या. पानावर दोन ओळींची जागा उरली.

माणिकरावांनी वाकून पाहिलं. शेवट सवालानं कसा करता, ते म्हणाले, जवाब कुठं हाय?

मी लेखणी धरून बसलो होतो. मला त्या क्षणी किमान पाच चांगली वाक्यं सुचत होती आणि मी एकही सुचवलं नाही. जानरावांनी एकदा बहिणीकडे पाहिलं, मग कोकिळेकडे, आणि माझ्या शेजारी बसत कागदावर बोट ठेवलं.

“लिहा, मास्तर. ‘भाऊजी, पत्रिका उद्याच वाटा. मामा हळदीच्या आदल्या दिवशी येते, अन् पोरगी सासरी गेल्याबिगर घरी जात नाई.’”

मी लिहिलं. ओळी दोनच होत्या, अक्षर बारीक करावं लागलं.